बाहेर सरकणारी खोली आणि न उघडणारं दार

सध्या मोबाईल उघडला की दर चौथ्या रीलमध्ये तीच गाडी दिसते. बाहेरून साध्या प्रवासी टेम्पोएवढी. एक जोडपं बटण दाबतं, गाडीची एक भिंत हळूच बाहेर सरकते, आत सोफा, टेबल, खिडकी आणि खिडकीत डोंगर. वर लिहिलेलं असतं, ‘दोघांचं फिरतं घर’. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपवर चार जणांनी ती वेगवेगळ्या दिवशी पाठवली. नुकत्याच रिटायर झालेल्या, मुलं पुण्या-बंगलोरला असलेल्या आमच्यासारख्यांना हे प्रकरण लयच भावून राहिलं आहे.

गेल्या महिन्यात मी आणि माझी बायको अशी एक गाडी प्रत्यक्ष बघून आलो. टेप लावून मोजली, आत झोपून पाहिलं, चहा करून पाहिला. त्याबद्दल लिहितो. पोस्ट लांब आहे, पण यात पंचवीस-तीस लाखांचा प्रश्न आहे. आणि त्याच्या मागे एक असा प्रश्न आहे, जो तुमच्या घरातल्या बाईला, म्हाताऱ्याला, आजारी माणसाला प्रत्येक प्रवासात पडतो.

आधी आम्ही का गेलो ते सांगतो. बायको म्हणाली, “लिहा तुम्ही, लपवण्यासारखं काय आहे त्यात?” म्हणून लिहितोय. तीन वर्षांपूर्वी तिचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. ती आता बरी आहे. पण तिच्या पोटावर डाव्या बाजूला एक कायमचं छिद्र आहे, त्याला स्टोमा म्हणतात, आणि त्यावर एक पिशवी चिकटवलेली असते. मल त्या पिशवीत जमा होतो. तिथे आवळून धरणारा स्नायू नसतो, त्यामुळे कधी येईल यावर माणसाचा ताबा नाही. पिशवी दिवसातून दोन-तीनदा रिकामी करावी लागते आणि काही दिवसांनी पूर्ण बदलावी लागते. घरी दहा मिनिटांचं काम आहे. ती ते करते आणि भाजी चिरायला बसते.

बाहेर मात्र हेच काम डोंगराएवढं होतं. लागतं काय? आतून लागणारी कडी, उजेड, वाहतं पाणी, सामान अडकवायला एक खुंटी, हातभर फळी आणि सरळ उभं राहायला जागा. मागच्या वर्षी आम्ही मेहकरला तिच्या बहिणीकडे निघालो होतो. तिथून लोणार जवळ आहे. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हापासून तिला ते बघायचं होतं. वाटेत एका ठिकाणी थांबलो. कडी तुटलेली, बल्ब गेलेला, जमीन ओली. मी बाहेर दार धरून उभा. आत ती सामानाची थैली गळ्यात अडकवून, पदर दातात धरून, मोबाईलच्या उजेडात. वीस मिनिटांनी बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, “चला, घरी जाऊ.” आम्ही अर्ध्या रस्त्यातून परत आलो. त्यानंतर ती रामटेकच्या पुढे गेलेली नाही.

तेव्हा स्वतःचं न्हाणीघर सोबत घेऊन फिरता आलं तर, या विचारानं आम्ही ही गाडी बघायला गेलो. डोंगर आणि खिडकी नंतर.

आता गाडी. कोणी बनवली ते लिहीत नाही, कारण माणूस प्रामाणिक वाटला आणि एका गाडीवरून कोणाचं नाव खराब करायचं नाही. प्रवासी टेम्पोची चेसी, त्यावर बांधलेली बॉडी. बाहेरून लांबी अठरा फूट. ड्रायव्हरच्या सीटच्या मागे वापरायची जागा अकरा फूट लांब आणि पाच फूट दहा इंच रुंद, म्हणजे साधारण ६४ चौरस फूट. उंची सहा फूट दोन इंच. मी पाच-नऊ आहे, डोकं लागलं नाही.

बटण दाबलं. डाव्या बाजूची साडेसहा फुटांची भिंत, तिला जोडलेल्या सोफ्यासकट, बावीस इंच बाहेर गेली. चाळीस सेकंद लागले. दोन छोट्या मोटरी, दातेरी पट्ट्या आणि चारी बाजूंनी रबर, एवढाच खेळ आहे. वीज गेली तर हँडलनं फिरवून आत घेता येते. जागा किती वाढली? साधारण १२ चौरस फूट. ६४ चे ७६ झाले. कागदावर थोडं वाटतं, पण आत उभं राहिल्यावर फरक जाणवतो. दोन माणसं एकमेकांना ‘सरक ना’ न म्हणता जाऊ शकतात. सोफ्याचा सहा फुटी पलंग होतो. टेबल मांडून समोरासमोर बसून जेवता येतं. बायकोनं तिथे बसून चहा घेतला आणि तिला आवडलं, हे मला दिसत होतं.

या सरकत्या भागाचे वेगळे साडेतीन लाख रुपये. पूर्ण गाडी अठ्ठावीस लाख. म्हणजे वाढलेली जागा एकोणतीस हजार रुपये चौरस फूट पडली. आमच्या भागात इतक्या भावानं फ्लॅट विकला तर बिल्डर पेढे वाटेल. शिवाय त्या भागाचं वजन दोनशे किलोच्या आसपास, असं बनवणाऱ्यानंच सांगितलं. ते ओझं तुम्ही कायम वाहून न्यायचं, भिंत उघडा किंवा न उघडा.

त्यानंतर मी त्यांना म्हटलं, “आता बंद करा आणि बंदच ठेवा. आम्हाला बंद गाडीत राहून पाहायचं आहे.”

ते जरा चमकले. म्हणे, “काका, बंद गाडी कोणी पाहत नाही. सगळे उघडूनच पाहतात.”

भिंत आत आली. सोफा आत आला. आणि सोफ्याचं टोक न्हाणीच्या दारासमोर येऊन थांबलं. दार आणि सोफा यांच्यात नऊ इंच. बायकोनं दार ओढलं. अर्धं उघडलं आणि सोफ्याला टेकलं. ती तिरकी होऊन आत गेली, आत वळायला जागा नव्हती, तिरकीच बाहेर आली. म्हणाली, “अहो, हे दार तर पुरं उघडूनच नाही राहिलं.”

एवढ्यावर आमचा निकाल लागला. तरी का लागला ते नीट सांगतो, कारण तुमची गरज वेगळी असली तरी हिशेब हाच आहे.

असा सरकता भाग रस्त्यावर उघडता येत नाही. उघडला की गाडीची रुंदी दोन फूट वाढते. आपल्याकडे वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या आत असावी लागते. गाडी बंद असताना ती त्यात बसते, पण धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी रस्त्याकडेला उभी करणं हाच मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ खाली गुन्हा आहे, मग भिंत बाहेर काढून उभी करण्याचं तर बोलायलाच नको. समृद्धीवर तर साधी गाडी शोल्डरवर लावणंसुद्धा जिवावर बेततं. पेट्रोल पंपावर दोन ट्रकांच्या मध्ये, धाब्यावर, टोलनाक्याजवळ, बहिणीच्या गल्लीत, सगळीकडे ती बंदच राहणार. उघडायला सपाट, मोकळी, कोणी हटकणार नाही अशी जागा लागते. सपाट म्हणजे गवंड्याच्या पाणसळीनं तपासावी इतकी. गाडी कलती असेल तर पट्ट्या अडकतात आणि मोटरीवर ताण येतो.

म्हणजे जिथे आम्हाला न्हाणीची खरी गरज, तिथे गाडी बंद. आणि जिथे गाडी उघडी, तिथे बहुतेक वेळा शेजारीच कोणाचं तरी पक्कं न्हाणीघर असणार.

हा दोष त्या माणसाच्या कामाचा नाही. कल्पना मुळात ज्या देशातून आली, तिथे तिला जागा आहे. अमेरिकेत न्यूमार नावाच्या कंपनीनं १९९० च्या सुमारास मोटारहोमला असा सरकता भाग लावला आणि मग तो सगळीकडे पसरला. पण तिथे त्याआधीच गावोगावी कॅम्पग्राउंड होते. गाडी लावायला आखलेली जागा, विजेचा खांब, पाण्याचा नळ, मैला ओतायचं झाकण. संध्याकाळी पोचायचं, प्लग लावायचा, भिंत बाहेर काढायची. आपण भिंत आणली. बाकीचं आणायचं राहिलं.

कागदावर ते आहे बरं का. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात फिरत्या गाड्यांसोबत कॅरव्हॅन पार्कचाही विचार आहे, एमटीडीसीच्या किंवा खासगी जागेवर, पाणी-वीज-सांडपाण्याच्या सोयीसह. त्याच्या आदल्याच वर्षी कृषी पर्यटनाचं धोरण आलं होतं. ही दोन धोरणं एकत्र वाचली तर विदर्भासाठी सोन्यासारखी आहेत. नागपूर देशाच्या मधोमध. श्रीनगर-कन्याकुमारी महामार्ग इथून जातो, ७०१ किलोमीटरचा समृद्धी जून २०२५ पासून पूर्ण सुरू आहे. जवळच पेंच आहे, ज्याला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. ताडोबा, नागझिरा, चिखलदरा, सेवाग्राम, लोणार, सगळं एका दिवसाच्या आत. पण आम्ही गाडी बघून आल्यावर, ‘समजा घेतली तर पहिल्या रात्री कुठे लावू?’ म्हणून ओळखीच्या रिसॉर्टवाल्यांना फोन केले. सगळ्यांचं उत्तर एकच. पार्किंगमध्ये लावा, पण झोपायला खोली घ्या.

यावर ग्रुपमधला एक मित्र म्हणाला, “जंगलात कुठेही लावायची न भाऊ, त्यातच मजा आहे.” तर नाही. सफारीला वनखात्यानं ठरवलेल्या जिप्सीच लागतात आणि गेटच्या आत रात्री कोणी मुक्काम करू देणार नाही, देऊही नये. आणि ‘कुठेही’ लावणाऱ्याचा मैला कुठे जातो हे एकदा विचारून पाहा.

त्या मैल्याचं गणित सांगतो, कारण ते रीलमध्ये कधीच नसतं. गाडीत स्वच्छ पाण्याची टाकी ८० लिटर. दोन माणसांच्या बादलीनं आंघोळी ३० लिटर, स्वयंपाक-भांडी दहा-पंधरा, संडास आणि धुणं-पुसणं वीस. म्हणजे टाकी जेमतेम सव्वा दिवस. संडासाच्या खालची पेटी २० लिटरची. परदेशात ती कागद वापरणाऱ्यांसाठी बनवली. आपण पाणी वापरतो, त्यामुळे दीड दिवसात भरते. ती बाहेर काढून कुठेतरी ओतायची आहे. कुठे? नाल्यात? तलावाच्या काठी? आपल्या शहराचं सांडपाणी भांडेवाडीत शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं. हे करून दाखवणाऱ्या नागपूरला महामार्गाच्या तोंडाशी २० लिटरची पेटी ओतायला एक झाकण बसवणं अवघड नाही. पण ते झाकण असल्याशिवाय अशा गाड्या वाढल्या, तर घाण वाढेल. हे गाडी घेऊ इच्छिणाऱ्यानंच आधी बोललं पाहिजे.

आता जे घेणारच आहेत त्यांच्यासाठी, आम्ही काय काय तपासलं ते थोडक्यात.

१. सरकता भाग बंद ठेवून तासभर आत राहा. पलंगापर्यंत, ओट्यापर्यंत, संडासापर्यंत पोचता येतं का? दार पूर्ण उघडतं का? येत नसेल तर बाकी काही बघू नका.

२. रबर बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात तिरका पाऊस. चारी बाजूंचं रबर उन्हानं कडक होतं. बदलायचा खर्च आणि तो भाग इथे मिळतो का, हे लेखी घ्या. छतावर पाण्याचा पाइप अर्धा तास धरून पाहा. आम्ही धरला, एका कोपऱ्यातून ओल आली. त्यांनी नीट करून देतो म्हटलं.

३. उन्हाळा. नागपूरनं मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिलेत. एक टनाचा एसी तासाला युनिटभर वीज खातो. गाडीतली बॅटरी २०० अँपिअर-तास, १२ व्होल्ट, म्हणजे २.४ युनिट. दोन तास, खलास. म्हणजे इथे ही गाडी नोव्हेंबर ते फेब्रुवारीची आहे, बाहेरची वीज मिळाली तरच मार्चची. चार महिन्यांसाठी अठ्ठावीस लाख, असा हिशेब करा.

४. कागदपत्रं. मोटार कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. गाडीला त्याप्रमाणे मंजुरी आहे का, आणि आरसीवर ती कॅम्पर म्हणून नोंदली जाणार का, हे पैसे देण्याआधी बघा. जुना टेम्पो घेऊन मागून बदल करून देणारे आहेत. मंजुरीशिवाय असा बदल कलम ५२ च्या विरुद्ध जातो. प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल ते वेगळंच. एकूण वजन साडेसात टनांच्या आत असेल तर आपलं नेहमीचं लायसन्स चालतं.

५. गॅस. आम्हाला पलंगाखाली घरगुती सिलिंडरची जागा दाखवली. आपण जिथे झोपतो त्याच्या खाली. सिलिंडर सुरक्षेचं देशाचं मुख्य कार्यालय, पेसो, आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. त्या शहरात राहून तरी आपण हे करू नये. गॅसचा कप्पा आतून बंद आणि बाहेर हवा जाणारा हवा, नाहीतर इंडक्शनवर भागवा.

आम्ही काय ठरवलं? सरकत्या भागाची गाडी घ्यायची नाही. त्यांनी तिथेच बसून दुसरं चित्र काढून दिलं. भिंत पक्की, सोफा लहान, आणि वाचलेली जागा न्हाणीला. साडेतीन फूट बाय तीन फूट, हाताशी फळी, दारामागे दोन खुंट्या, वर मोठा दिवा. किंमत साडेचोवीस लाख. ते चित्र फ्रीजवर लावलेलं आहे. बायको येता-जाता त्याकडे बघते. अजून पैसे दिलेले नाहीत.

कारण त्या चित्राकडे बघताना एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आम्ही साडेचोवीस लाख कशासाठी देणार आहोत? कडी, दिवा, नळ, खुंटी आणि फळी. हार्डवेअरच्या दुकानात हे सगळं दीड-दोन हजारात येतं. ते संडासात लावलेलं नसल्यामुळे एक माणूस मागच्या वर्षापासून रामटेकच्या पुढे गेलेला नाही. आणि आमच्याकडे निदान निवृत्तीचे पैसे आहेत. ज्यांच्याकडे नाहीत ते काय करतात? ते घरी बसतात. लग्नाला जात नाहीत, माहेरी जात नाहीत, विचारलं तर ‘तब्येत बरी नाही’ म्हणतात. आपल्याला वाटतं अशी माणसं कमी आहेत. कमी नाहीत, दिसत नाहीत.

जगात यावर उपाय झालेले आहेत. जपानमध्ये महामार्गावरच्या थांब्यांत पोटावर पिशवी असणाऱ्यांसाठी वेगळं बेसिन आणि दारावर तशी खूण असते. ब्रिटनमध्ये रुग्णांच्या संघटनेनं मोहीम चालवली, मागण्या किती? दारामागे खुंटी, एक फळी, आरसा, कचऱ्याचा डबा. बस. आपल्याकडेही जमतं. पंढरीच्या वाटेवर दिंड्यांचे ट्रक म्हणजे आपली जुनी फिरती घरंच. निर्मल वारीच्या उपक्रमानं मुक्कामाच्या गावांत हजारो फिरते संडास उभे राहू लागले, ते ठरवलं म्हणून. ट्रकच्या केबिनला एसी हवा हेही ठरवलं गेलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना ते बंधनकारक आहे. ड्रायव्हरच्या घामाची दखल घ्यायला इतकी वर्षं लागली, पण घेतली गेली.

म्हणून मागणं दोनच. एक, महामार्गावरच्या प्रत्येक सार्वजनिक स्वच्छतागृहात निदान एका खोलीला चालणारी कडी, दिवा, नळ, खुंटी, फळी आणि झाकणाचा डबा. पंपांवर स्वच्छतागृह ठेवणं आधीच बंधनकारक आहे, त्यात खुंटी-फळीची भर घाला. दोन, कॅरव्हॅन धोरणातलं पार्क कागदावरून जमिनीवर आणा, आणि ते मोठ्या टेंडरची वाट न बघता. काटोल, नरखेड, वरुडकडच्या संत्रा बागायतदाराला सांगा, बांधाजवळ दोन गाड्यांची सपाट जागा, एक पंधरा अँपिअरचा प्लग, एक नळ, सेप्टिक टँकला एक झाकण. परवानगी सोपी करा. आंबिया बहार तोडणीला येतो तेव्हाच या गाड्यांचा हंगाम सुरू होतो. शेतकऱ्याला चार पैसे, प्रवाशाला झोप, नाल्याला सुटका.

पेंच-रामटेक, वर्धा-सेवाग्राम, अमरावती-चिखलदरा, मेहकर-लोणार, या चार रस्त्यांवर तुम्हाला कुठे स्वच्छ, कडी लागणारं, उजेड असलेलं स्वच्छतागृह माहीत असेल तर खाली लिहा. गाव, रस्त्याची कोणती बाजू, आणि आत खुंटी आहे का नाही. नुसतं ‘चांगलं आहे’ नको. बायका बघून आल्या असतील तर त्यांना विचारून लिहा. मी यादी करून इथेच टाकीन.

मेहकरच्या रस्त्यावर तीन ठिकाणं जरी मिळाली, तरी आम्ही आमच्या जुन्या गाडीनं निघतो. तिनं बहिणीला तसं सांगूनही ठेवलं आहे.